मॉरिशसच्या मराठी कुटुंबाचं कोकणातलं मूळ गाव शोधायचं आहे. कुठून सुरुवात करू?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. माझी एक मैत्रीण मॉरिशसची आहे, कामानिमित्त ओळख झाली. घरात क्रिओल आणि फ्रेंच बोलतात. आजीला मोडकंतोडकं मराठी यायचं, हिला "आई", "बाबा", "बस", "खा" एवढंच येतं. पण गणपती घरी बसतो आणि तिकडे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टीही असते. तर हिच्या डोक्यात आता मूळ गाव शोधायचं भूत शिरलंय आणि मराठी येणारी ओळखीतली मी एकटी, त्यामुळे ते भूत माझ्याही मानगुटीवर.

हातात काय आहे ते सांगते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया (म्हणजे करारावर बेटावर नेलेल्या) मजुरांच्या नोंदवह्या आहेत, तिथून तिच्या काकांनी उतारा आणलाय. खापरपणजोबांच्या वडिलांचा. नाव (नुसतंच नाव, आडनाव नाही), बापाचं नाव, वय २२, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण, मुंबईहून जहाज, साल १८५८. जात: मराठा. जिल्हा: रत्नागिरी. गाव: अंजनवेल. सोबत एक फोटोसुद्धा आहे! उघडाबंब, हाडकुळा माणूस, हातात नंबराची पाटी.

गाव सापडलंच आहे म्हणून ती थेट विमानाचं तिकीट काढायला निघाली होती. मी म्हटलं थांब, आधी जाणकारांना विचारू. अंजनवेलला जाऊन कोणाला भेटायचं? ग्रामपंचायतीत काही जुनं दप्तर असतं का? नावं मुद्दाम इथे देत नाही, तिच्या घरच्यांना आवडणार नाही.

तळ्यातमळ्यात

रुमाल टाकून ठेवतो. भारी धागा होणार.

खाडीपल्याड

सोनचाफा ताई, तिकीट थांबवलंत ते उत्तम केलंत.

मी अंजनवेलच्या समोरच्या तीरावरचा, दाभोळचा. आज अंजनवेल म्हटलं की लोकांना वीज प्रकल्प आठवतो, नाहीतर गोपाळगड. वाशिष्ठीच्या मुखावरचं गाव आहे. पण १८५८ साली 'अंजनवेल' हे गावाचं नाव होतं तसंच तालुक्याचंही होतं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असे किल्ल्यांच्या आणि बंदरांच्या नावाने ओळखले जायचे. सुवर्णदुर्ग म्हणजे पुढचा दापोली. अंजनवेल म्हणजे आजचा गुहागर-चिपळूणचा बराचसा मुलूख. १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर सरकारने नेटवर टाकलंय, त्यात बघा.

म्हणजे तुमच्या मैत्रिणीच्या पूर्वजाने मुंबईच्या बंदरात "कुठला रे?" याचं उत्तर "अंजनवेल" असं दिलं असेल, तर ते आजच्या "मी चिपळूणकडचा"सारखं असू शकतं. मुंबईत कोणी आपल्या वाडीचं नाव सांगत नाही, समोरच्याला कळेल असं मोठं नाव सांगतो. गाव अंजनवेलच असेलही. पण शेकडो गावांतलं दुसरं कुठलंही असू शकेल.

आणखी एक. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा थेट वेंगुर्ल्यापर्यंत होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. सावंतवाडी तर संस्थानच होतं. दुसऱ्या कोणाला अशा उताऱ्यात नुसतं 'रत्नागिरी' मिळालं तर आजचा नकाशा समोर घेऊन बसू नका.

सोनचाफा

अरे देवा. ती गुगल नकाशावर अंजनवेलच्या घराघरांची छपरं मोजत बसलीय!

दूरदेशी

मी काही वर्षं नोकरीनिमित्त मॉरिशसला होतो, तिथल्या दोनतीन मराठी कुटुंबांना या कामात मदत केलीय. माझा मुद्दा वेगळा आहे. कोकण राहू दे बाजूला. आधी हा माणूस खरंच तुमच्या मैत्रिणीचा पूर्वज आहे हे कशावरून?

रागावू नका. पण १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बेट केवढं, तर लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. पोर्ट लुईचा जो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशात गेला, त्याच पायऱ्या चढून यातले बहुतेक आत गेले. आडनाव जवळजवळ कोणाचंच लिहिलेलं नाही. मग पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव झालं आणि तेच गोठलं. आज ज्याला तुम्ही आडनाव समजता ते कोणा एका आज्याचं पाळण्यातलं नाव असतं. आणि आपल्याकडे त्या काळी नावं तरी किती होती? तीच ती पंधरावीस. एकाच नावाची, रत्नागिरीचीच, पाच माणसं एकाच दशकात उतरलेली मी स्वतः पाहिलीत. त्यातला जो फोटोत आजोबांसारखा दिसतो तो आपला, असं ठरवून मोकळी झालेली घरंही पाहिलीत. आता तो फोटो दिवाणखान्यात हार घालून लटकतोय, कोण काय बोलणार!

तिथे माणसाची ओळख म्हणजे त्याचा नंबर. बेटावर उतरताना प्रत्येकाला नंबर मिळायचा. बाप्याला वेगळा, बाईला वेगळा, पोरांनाही. बेटावर जन्मलेल्याला नंबर नाही. लग्न, मूल, मृत्यू, नवा करार, जिथे तिथे तो नंबर लिहायचा. म्हणून कामाचा क्रम असा: मैत्रिणीचा जन्मदाखला, त्यावरून वडिलांचा, त्यावरून आजोबांचा, असं एकेक पायरी मागे. सिव्हिल स्टेटस कचेरीत मिळतात. फ्रेंच वळणाच्या आहेत त्या नोंदी, आईबापाचं नाव, ते राबत होते तो उसाचा मळा, साक्षीदार, सगळं असतं. बेटावर जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या दाखल्यात बापाचा नंबर मिळाला आणि तो उताऱ्यातल्या नंबराशी जुळला, तर बोला. नाहीतर तो उतारा कोणा भल्या माणसाचा आहे एवढंच म्हणता येईल.

दोन खाचखळगे आधीच सांगतो. एक, देवाब्राह्मणासमोर लागलेलं लग्न कचेरीत नोंदवलेलं नसेल तर मुलं अनेकदा आईच्या नावावर लागली आहेत. त्यामुळे एका पिढीत आडनाव अचानक बदललं तर घाबरू नका. दोन, "हा माझ्या आजोबांचा चुलता" असं घरात सांगतात तेव्हा तो रक्ताचा चुलता असेलच असं नाही. एका जहाजातून आलेली माणसं पुढे एकमेकांना भाऊच मानायची, आणि दोन पिढ्यांनी ते नातं खरंच होऊन बसतं.

शंकासुर

दूरदेशींना +१. फोटोबद्दल माझी शंका. १८५८ साली उतरलेल्या मजुराचा फोटो? तेव्हा कुठे काढत होते?

दूरदेशी

शंका रास्त, उत्तर सोपं. उतरतानाचा नाहीच तो. १८६७च्या मजूर कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगावं लागायचं. शिपायाने हटकलं आणि तिकीट नसलं की भटक्या म्हणून आत. म्हणजे फोटोतला माणूस बाविशीतला नाही, तिशी ओलांडलेला आहे. मुंबईहून गेलेली बहुतेक माणसं १८४० ते १८६५च्या दरम्यानची, त्यामुळे मराठी मजुरांचे फोटो मिळतात ते असे, मागाहूनचे. आणि फोटो आहे याचा अर्थ करार संपल्यावरही तो तिथेच राहिला. सुमारे एक तृतीयांश लोक परत आले होते.

पानवेल

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या आजोळी कसबा संगमेश्वरकडे एक "साखरेच्या बेटावरून पैका घेऊन आलेला" पणजोबा सांगतात. आता कळलं तो बहुधा या एक तृतीयांशातला. त्या पैक्यातून बांधलेली विहीर अजून आहे, पाणी मचूळ.

सोनचाफा

दूरदेशी, तुमची पोस्ट तिला भाषांतर करून पाठवली. आधी गाल फुगवले, मग कामाला लागली. कळवते.

दरम्यान एक भाबडा प्रश्न. डीएनए चाचणी करून हे सगळं सोपं नाही का होणार? तिच्या नवऱ्याने किट मागवायचं ठरवलंय.

शंकासुर

किट मागवा, पण गाव सापडेल म्हणून नको. ती चाचणी दोन गोष्टी सांगते. एक, तुमचे पूर्वज ढोबळमानाने कुठल्या भागातले, ते तुम्हाला आधीच माहीत आहे. दोन, तीच चाचणी केलेले तुमचे दूरचे नातेवाईक कोण. आता गुहागरातल्या किती कुणब्यांनी आणि भंडाऱ्यांनी किट मागवलं असेल? जुळण्या मिळतील त्या मॉरिशसच्याच, किंवा तिथून पुढे फ्रान्स-इंग्लंडला गेलेल्यांच्या. आणि लहान बेटावर पाचसहा पिढ्या त्याच चारदोन मळ्यांतल्या घरांत सोयरिकी झाल्या की सगळेच सगळ्यांचे दोनतीन बाजूंनी नातेवाईक होतात. मशीन सांगणार चुलतभाऊ, प्रत्यक्षात निघणार चार वेगळ्या वाटांनी लांबचा. बेटावरच्या वंशावळी म्हणजे गुंतलेलं जाळं, फांद्या फुटलेलं झाड नव्हे.

ती जात 'मराठा' लिहिलीय त्यावरही फार विसंबू नका. बंदरातल्या कारकुनासाठी मराठी बोलणारा तो मराठा, असं सर्रास व्हायचं. त्यात कुणबी, भंडारी, न्हावी, महार, कोणीही असू शकतो. काहींनी मुद्दाम वेगळी सांगितलीही असेल. काळं पाणी ओलांडणाऱ्याला नव्याने सुरुवात करायची सोय होती, आणि का करू नये? पण आज गावात जाऊन "आम्ही अमुक जातीचे, आमची भावकी दाखवा" म्हणायला त्या एका शब्दाचा आधार पुरणार नाही.

मोडीवाचक

कोकणातल्या कागदांबद्दल मी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार.

वाईट बातमी आधी. हा माणूस १८५८ साली गेला आणि गावातले आपल्याला उपयोगी पडणारे कागद बहुतेक त्याच्यानंतरचे आहेत. जन्ममृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, जुनी सगळी मोडीत, आणि मिळतात ती साधारण १८८० नंतरची. जमिनीचं म्हणाल तर रत्नागिरी जिल्ह्यात खोती, म्हणजे गावचा सारा खोताने गोळा करून सरकारात भरायचा. १८८०च्या खोती कायद्याच्या काळातलं बोटखत हा आपल्याकडचा सगळ्यात कामाचा कागद. कुठली जमीन कोणाकडे, धारेकरी (कायम हक्काने जमीन धरणारा) कोण, कूळ कोण, हे त्यात येतं. पण तोवर आपल्या माणसाला जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्याचं नाव कुठेच सापडणार नाही. सापडला तर त्याचा भाऊ, पुतण्या. म्हणजे शोधायचं काय, तर बापाचं तेच नाव असलेली, त्या वयोगटातली माणसं. नाव बाळ किंवा राम असेल तर सोडून द्या. एखादं विरळ नाव असेल तर आशा आहे.

बरी बातमी: २०२३पासून कुणबी नोंदींची जी मोहीम चालली, तिच्यामुळे कित्येक जिल्ह्यांनी जुनी मोडी दप्तरं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळावर टाकली आहेत. मोहीम कशासाठी होती त्यावर इथे वाद नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. पण पूर्वी ज्या कागदाला हात लावायला तीन सह्या लागायच्या तो आता घरबसल्या बघता येतो, हे आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडलंय. रत्नागिरीच्या संकेतस्थळावर तालुकावार चाळून बघा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं (यजमान घराण्यांच्या वंशावळी असतात त्यांत) कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या वह्या उत्तम असतात, पण त्या उघडायला आडनाव आणि गाव लागतं. आपल्याकडे दोन्ही नाही. घाटावरच्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या घराण्यांसाठी हेळवी असतात, वंशावळी सांगत फिरणारे, पिढ्या तोंडपाठ. कोकणात ती सोय नाही.

तळ्यातमळ्यात

मुंबईच्या पुराभिलेखागारात काही नाही का? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. जहाजं इथूनच सुटली ना.

मोडीवाचक

सरकारी पत्रव्यवहार आहे. जहाजावर पाणी कमी भरलं, मुकादमाने फसवलं, अशा तक्रारी. वाचायला अप्रतिम. नावनिशीवार यादी मिळेल अशी आशा धरून जाऊ नका.

खाडीपल्याड

त्या फसवण्यावरून आठवलं. भरतीचे मुकादम कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर फिरत असतील असं आपण समजतो. माझा अंदाज असा की निदान निम्मे तरी आधी मुंबईला गेलेले होते. पावसाळा संपला की गलबतातून मुंबई गाठायची, गोदीत, बांधकामावर नाहीतर पलटणीत मिळेल ते काम धरायचं, ही रीत गिरण्यांच्याही आधीची. तिथे काम नाही मिळालं, मुकादम भेटला, सही नाहीतर अंगठा दिला. घरी काहीच कळलं नाही. म्हणून गावात जाऊन "तुमच्यातलं कोणी मॉरिशसला गेलं होतं का?" विचाराल तर सगळे माना हलवतील. विचारायचं असं: "मुंबईला गेला आणि परत आलाच नाही, असा कोणी?" तसा प्रत्येक घरात एक असतो. आमच्याही आहे.

सोनचाफा

अपडेट, आणि जरा मोठं आहे.

तिने पायऱ्या पायऱ्यांनी दाखले काढले. एका कचेरीत जुनी वही बांधायला गेली होती म्हणून बरंच थांबावं लागलं. खापरपणजोबांचा दाखला मिळाला, १८७२चा. मळ्याचं नाव, ब्लॅक रिव्हर जिल्हा. बापाचा नंबर आहे आणि तो उताऱ्याशी जुळतो! दूरदेशी, तुमच्यासाठी पेढे.

पण त्याच ओळीत आईचाही नंबर आहे. तो आजवर कोणी बघितलाच नव्हता. काकांनीही नाही. तिने तो नंबर देऊन संस्थेतून दुसरा उतारा काढला. ही बाई १८५९ साली मुंबईहूनच आली, वय वर्षं सहा, आईबापांसोबत. तिच्या बापाच्या रकान्यात जिल्हा रत्नागिरी आणि गाव जे लिहिलंय ते आम्ही दोघींनी मिळून 'हेदवी' असं वाचलं. कारकुनाचं इंग्रजी दिव्य आहे, पण पहिलं अक्षर 'ह' नक्की.

आता बोला.

खाडीपल्याड

हेदवी गुहागर तालुक्यात, दशभुज गणपतीचं. हे मात्र एकाच गावाचं नाव आहे, तालुक्याचं कधीच नव्हतं. त्या पंचक्रोशीत तसं लिहिलं जाईल असं दुसरं नाव मला तरी आठवत नाही. गाव बोलून गेलं तुमचं.

शंकासुर

गाव मिळालं ते आईच्या बाजूचं. बाप अजून अंजनवेल 'तालुक्यात' तरंगतोच आहे. दोघं एकाच भागातली म्हणून सोयरीक झाली असेल, किंवा एकाच मळ्यावर दोन मराठी घरं होती म्हणूनही. बेटावर बायका मुळातच कमी, त्यात मराठी बोलणाऱ्या आणखी कमी. तेव्हा त्यावरून बापाचं गाव हेदवीच्या आसपास असणार असा निष्कर्ष कोणी काढू नका.

सोनचाफा

मान्य. पण गंमत बघा, तिला आता बापाच्या गावाचं तेवढं राहिलंच नाही. "सहा वर्षांची मुलगी जहाजातून आली आणि आमच्या घरात तिचं नावसुद्धा कोणाला माहीत नव्हतं" हेच धरून बसलीय. काका मात्र नाराज. त्यांना पुरुषाकडचंच गाव हवंय.

पानवेल

काकांना सांगा, कुलदेवता सासरची असते पण हट्ट आजोळी पुरवतात.

तिच्या घरी लग्नात गोंधळ घालतात का हो? मॉरिशसच्या मराठी घरांत अजून गोंधळ आणि झाकरी आहे असं वाचलं होतं. झाकरी म्हणजे आपला कोकणातला जाखडी नाचच. गोंधळात देवतांना गावांच्या नावानिशी बोलावतात. तुळजापूर, जेजुरी सगळेच म्हणतात, पण मध्येच एखादी अनोळखी गावदेवी आली तर? ती कुठली हे शोधता येईल.

दूरदेशी

पानवेल, झकास. लिहून काढलेल्या पोथीपेक्षा एखाद्या म्हाताऱ्याला म्हणायला सांगून रेकॉर्ड करा, आणि शब्द क्रिओल कानांनी ऐकलेले असतात हे लक्षात ठेवा. अर्थ हरवलेला असतो, पण उच्चार बराच टिकलेला असतो. हा पुरावा नव्हे, शंकासुरांनी लिहायच्या आत मीच लिहितो. पण बोटखत कुठल्या गावचं आधी उघडायचं हे ठरवायला पुरेल.

आणि हो, ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) हे सगळं चाललं असेल तर गावाच्या मागे लागायची गरज नाही. मार्च २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसकरांना कार्ड देण्याची तरतूद जाहीर झाली. त्याला उपयोग दाखल्यांच्या साखळीचा आणि संस्थेच्या उताऱ्याचा, आणि ती साखळी आता तिच्याकडे अखंड आहे. मात्र प्रत्येक दाखल्यावरची नावाची स्पेलिंगं तपासून घ्या. एका पिढीत 'ऊ' फ्रेंच पद्धतीने लिहिलाय, पुढच्या पिढीत इंग्रजी पद्धतीने, असं हमखास असतं. ते आधीच शपथपत्र करून जुळवलेलं बरं.

सोनचाफा

कार्डाचं काकांनी सुरू केलंय. गोंधळाचं विचारते, तिची एक मावशी कास्काव्हेलला असते, तिकडे अजून घालतात म्हणे.

शिमग्याला यायचं ठरतंय. खाडीपल्याड दादा, पालखी घरोघर येते तेव्हा हेदवीत जाणं बरं की इतर वेळी? आणि मोडीवाचक, गुहागर तहसीलला कोतवाल बुक बघायचं तर मोडी वाचणारं कोणी तिथे असतं का?

मोडीवाचक

आपला माणूस आपणच न्यायचा. आधी लेखी अर्ज द्या, गावाचं नाव आणि सालं घालून. 'पूर्वजांची माहिती' असं मोघम लिहिलंत तर अर्ज फिरत राहील. तारीख कळवा, मला जमलं तर मी येतो.

खाडीपल्याड

शिमग्यालाच या. एरवी निम्मी घरं बंद, सगळे मुंबईत. पालखीच्या वेळी मुंबईकर उतरलेले असतात आणि म्हाताऱ्यांना बोलायला वेळ असतो. गुरवाला आधी गाठा. कोणाच्या घरी पालखी किती वेळ थांबते, कोणाचा मान कधी बंद झाला आणि का, हे त्याला विचारा. हेदवीला राहायची सोय होईल, पण त्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळत नाही. आत्ताच सांगून ठेवा.

तळ्यातमळ्यात

मी पण येणार. गाडीत एक जागा धरा.